वाचकांचे प्रश्न : घरातील स्प्रिंकलर आणि त्यामागचे पाणी

घरातील आगीपासून संरक्षण या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे छतात बसवायच्या स्वयंचलित स्प्रिंकलरविषयी आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : नव्या घराच्या प्रत्येक खोलीत स्प्रिंकलर बसवावेत, असे आमच्या वास्तुविशारदांनी सुचवले आहे. घरातील मंडळींना मात्र धास्ती वाटते, की स्वयंपाकघरात काही करपून धूर झाला तर सगळ्या खोल्यांत एकदम पाणी सुरू होईल आणि गाद्या, पुस्तके, संगणक सगळेच भिजेल. ही भीती कितपत खरी आहे?

उत्तर : ही भीती मुख्यतः चित्रपटांतील दृश्यांमुळे पसरलेली आहे आणि ती मनातून काढून टाकावी. घरातील स्प्रिंकलरला धूर कळत नाही. त्याला फक्त उष्णता कळते, आणि तीही स्वतःच्या अंगाला लागलेली. प्रत्येक स्प्रिंकलर हेड म्हणजे स्वतंत्र कुलूप असलेला एकेक नळ आहे, असे समजा. एक कुलूप उघडले म्हणून शेजारचे उघडत नाही.

हे कुलूप एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. हेडच्या चौकटीत काचेची एक इवलीशी कुपी उभी बसवलेली असते, आणि पाण्याच्या तोंडावरील झाकण तिच्याच आधाराने घट्ट बसलेले असते. कुपीत रंगीत द्रव असतो आणि त्यात हवेचा एक छोटा बुडबुडा दिसतो. उष्णता लागली की द्रव प्रसरण पावतो, बुडबुडा आक्रसत जाऊन नाहीसा होतो, त्यानंतर द्रवाला पसरायला जागा उरत नाही आणि ठरलेल्या तापमानाला कुपी फुटते. आधार गेल्यामुळे झाकण उडते, पाण्याची धार समोरच्या दातेरी चकतीवर, म्हणजे डिफ्लेक्टरवर, आपटते आणि तुषार होऊन खोलीभर पसरते. द्रवाचा रंग हेच तापमानाचे चिन्ह असते : नारिंगी ५७ अंश सेल्सिअस, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३. घरांत बहुधा लाल कुपी दिसते. करपलेल्या भांड्याचा धूर कितीही दाटला, तरी छताजवळची हवा इतकी तापत नाही.

सगळी हेड एकाच वेळी उघडणारी पद्धतही अस्तित्वात आहे. मोठे ट्रान्सफॉर्मर किंवा विमानांचे हँगर अशा ठिकाणी ती वापरतात, तिचा घराशी संबंध नाही. घरातील बहुतेक आगी एका किंवा दोन हेडमध्येच आटोक्यात येतात. एका हेडमधून मिनिटाला साधारण ५० ते ७० लिटर पाणी पडते, तर अग्निशमन दलाच्या एका होजमधून तेवढ्याच वेळात कित्येकशे लिटर येते, आणि तेही आग मोठी झाल्यावर. तेव्हा सामान भिजण्याचाच हिशेब करायचा असेल, तर तोही स्प्रिंकलरच्याच बाजूने लागतो.

आग नसताना हेड उघडल्याच्या घटना घडतात, पण त्यांचे कारण बहुतेक वेळा धक्का हे असते. कपाट सरकवताना त्याचा कोपरा लागतो, शिडी आदळते, कोणीतरी हेडला हँगर अडकवते. जेथे असा धक्का लागण्याचा संभव आहे, तेथे छतात दडलेले हेड घ्यावे.

प्रश्न : आमच्या घरी स्मोक अलार्म आहेत. मग स्प्रिंकलरची गरज काय? आणि स्प्रिंकलर बसवले तर अलार्म काढून टाकता येतील का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात गल्लत झाली तर जीव जाऊ शकतो. अलार्म काढू नयेत. गादीत किंवा सोफ्यात आग आतल्या आत धुमसत असते, तेव्हा ज्वाळा जवळजवळ नसतात, छत फारसे तापत नाही, मात्र कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू खोलीत साठत जातात. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईल, हा भरवसा खोटा आहे. अशा आगीत कुपी फुटण्याच्या कितीतरी आधी अलार्म वाजलेला असतो. आपल्याला दोहोंपैकी एकच गोष्ट आज करणे शक्य असेल, तर अलार्म आधी बसवा, असेच मी सांगेन.

परंतु अलार्म फक्त उठवतो, पुढचे सगळे आपल्या पायांवर अवलंबून असते. फोमच्या गाद्या-सोफे आणि कृत्रिम धाग्याचे पडदे असलेल्या खोलीत आग फार झपाट्याने वाढते. छताखाली तापलेल्या वायूंचा थर ५०० ते ६०० अंशांवर गेला की त्याच्या आचेने खोलीतील सगळ्याच वस्तू जवळजवळ एका क्षणी पेट घेतात. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. आधुनिक सामानाच्या खोल्यांवर केलेल्या चाचण्यांमध्ये ज्वाळा दिसू लागल्यापासून तीन ते पाच मिनिटांत ही अवस्था आलेली आढळली आहे. त्यानंतर त्या खोलीत कोणी जगू शकत नाही, आणि दार उघडे असेल तर बाहेरचा मार्गही वापरता येत नाही. अग्निशमन दल कितीही तत्पर असले, तरी फोन लागून ते दारात येईपर्यंत इतका वेळ बहुधा निघून गेलेला असतो.

स्प्रिंकलरचे काम या मिनिटांत आहे. तो आग पूर्ण विझवेलच असे नाही, ती वाढू न देणे आणि खोलीतील हवा माणूस बाहेर पडेपर्यंत सुसह्य ठेवणे, यासाठी तो असतो. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती, तान्ही मुले, अलार्म ऐकू न येणारी माणसे ज्या घरात आहेत, तेथे मी स्प्रिंकलरचा आग्रहच धरतो, कारण त्यांच्यासाठी अलार्मची सूचना पुरेशी नसते.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. अंगावरील कपड्यांनी किंवा स्वतःच्याच पांघरुणाने पेट घेतला, तर कुपी फुटेपर्यंत त्या व्यक्तीला गंभीर भाजलेले असू शकते. तेथे स्प्रिंकलर घराला आणि इतरांना वाचवतो, पण त्या व्यक्तीला वाचवेलच, असे म्हणता येत नाही.

प्रश्न : कारखान्यांत लागतात तेच हेड घरी बसवले तर चालते का? आमच्या ओळखीतील एका कंत्राटदाराकडे ती शिल्लक आहेत.

उत्तर : चालत नाही. यामागे थोडा इतिहास आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे हेन्री पार्मली यांनी १८७४ मध्ये आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी स्वयंचलित स्प्रिंकलर तयार केला. पुढे फ्रेडरिक ग्रिनेल यांनी त्यात मोठ्या सुधारणा केल्या आणि १८९६ पासून अमेरिकेत त्याच्या बसवणुकीचे नियम आखले जाऊ लागले. हे सगळे इमारत आणि माल वाचवण्यासाठी होते. घरात झोपलेल्या माणसाचा जीव वाचवणे हा हेतू धरून एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी वेगळे मानक, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचे 'एनएफपीए १३डी', आले ते १९७५ मध्ये. ॲरिझोनातील स्कॉट्सडेल शहराने १९८६ पासून, कॅलिफोर्नियाने २०११ पासून आणि वेल्सने २०१६ पासून नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले.

हेतू बदलला तशी हेडची घडणही बदलली. निवासी हेडमधील कुपी बारीक असते. सर्वसाधारण हेडमध्ये ती ५ मिलिमीटर जाडीची असते, तर जलद प्रतिसाद देणाऱ्या हेडमध्ये ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. दोन्ही ६८ अंशांचीच असली, तरी जाड कुपीतील द्रव तापायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात खोली हाताबाहेर जाऊ शकते. शिवाय निवासी हेडचे तुषार भिंतींवर छताच्या बरेच जवळपर्यंत पोहोचतात, कारण घरात पडदे, कपाटे आणि सोफे भिंतीला लागूनच असतात. कंत्राटदाराकडील शिल्लक हेड त्यांच्याकडेच राहू द्या. एकदा बसवून काढलेले हेड तर कोठेही पुन्हा वापरू नये.

प्रश्न : आमच्या तीन मजली घराच्या गच्चीवर पाण्याची मोठी टाकी आहे. तिलाच पाईप जोडून स्प्रिंकलर चालवता येतील ना? पंपाचा खर्च टाळावा, असे वाटते.

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण माझ्या पाहण्यात घरगुती स्प्रिंकलर निकामी ठरतात ते हेडमुळे क्वचित, पाण्यामुळे जास्त.

प्रत्येक हेडवर त्याचा 'के' हा अंक दिलेला असतो. हेडच्या तोंडाशी किती बार दाब आहे त्याचे वर्गमूळ काढून 'के'ने गुणले, की मिनिटाला किती लिटर पाणी पडेल ते कळते. घरासाठी वापरतात अशा एका हेडचा 'के' ७० आहे, असे धरू. पाण्याची दर १० मीटर उंची म्हणजे जवळजवळ १ बार दाब. आता वरच्या मजल्यावरील शयनगृहाच्या छतातील हेड आणि टाकीतील पाण्याची पातळी यांत ३ मीटरचे अंतर असेल, तर तेथे दाब ०.३ बार. त्याचे वर्गमूळ सुमारे ०.५५. म्हणजे पाणी मिनिटाला ३८ लिटर, आणि पाईपमधील घर्षणाने त्यातूनही काही कमी होणार. 'एनएफपीए १३डी' या मानकात जुन्या काळापासून धरला जाणारा किमान आकडा पाहिला, तर एकच हेड उघडल्यास मिनिटाला ६८ लिटर आणि दोन उघडल्यास प्रत्येकी ४९ लिटर हवेत. आजच्या प्रत्येक हेडसोबत उत्पादक त्या हेडचा लागणारा प्रवाह आणि दाब छापून देतो आणि तोच अखेर धरायचा असतो, पण सुमारे अर्ध्या बारपेक्षा कमी दाबावर निवासी हेडचे तुषार नीट पसरतच नाहीत.

तळमजल्याला हीच टाकी पुरेल, असे वाटते, कारण तेथे उंची ९-१० मीटर मिळते आणि गणिताने ७० लिटरच्या आसपास पाणी येते. परंतु पाईप लहान व्यासाचा असेल, वळणे फार असतील, तर त्यातील बराच दाब वाटेतच खर्च होतो. वरच्या मजल्याला मात्र पंपाशिवाय गत्यंतर नाही, आणि रात्री माणसे झोपतात ती बहुधा वरच. तेव्हा पंपाचा खर्च टाळू नका.

पंप घेताना त्याची विजेची जोडणी घराच्या मेन स्विचच्या आधीपासून, स्वतंत्रपणे घ्यावी. आग लागल्यावर कोणीतरी मेन स्विच बंद करतेच, आणि ते योग्यही आहे, पण त्याबरोबर पंप बंद पडता कामा नये. वीज वारंवार जात असेल, तर पर्यायी वीजपुरवठ्याची व्यवस्थाही हवी.

टाकी किती मोठी हवी, याचे गणित सोपे आहे. दोन हेड, प्रत्येकी ४९ लिटर, १० मिनिटे : ९८० लिटर, म्हणजे ढोबळमानाने हजार लिटर. एवढे पाणी टाकीत कायम असले पाहिजे, आणि ते आपण लक्षात ठेवून राखू, असे म्हणून चालत नाही. त्यासाठी नळांना जाणारा पाईप टाकीच्या तळापासून इतका वर जोडावा, की खाली हजार लिटर उरले की घरातले नळ बंद पडावेत. स्प्रिंकलरचा पाईप तेवढा तळाशी जोडावा.

प्रश्न : हेडची जागा ठरवताना काय पाहावे? आमच्याकडे प्रत्येक खोलीत छताचा पंखा आहे, दिवाणखान्यात फॉल्स सीलिंग आहे आणि स्वयंपाकघरात शेगडीवर हेड हवे, असे आम्हांला वाटते.

उत्तर : शेगडीच्या थेट वर हेड नको. तेथील रोजच्या उष्णतेने ते विनाकारण उघडू शकते. उत्पादकाने शेगडीपासून सांगितलेले अंतर राखावे आणि तेवढी जागा नसेल तर पिवळ्या किंवा हिरव्या कुपीचे हेड चालेल का, हे आराखडा करणाऱ्याला विचारावे. कढईतील तेलाने पेट घेतला तर स्प्रिंकलरची वाट पाहू नये आणि भांड्याने पाणी तर मुळीच ओतू नये. शेगडी बंद करावी, झाकण सरकवत कढईवर ठेवावे आणि ती निवेपर्यंत उघडू नये.

छताचा पंखा तुषार अडवतो. खाली तोंड असलेले हेड पंख्याच्या मध्यापासून किमान ९० सेंटीमीटर दूर असावे आणि भिंतीवरील हेडच्या बाबतीत हे अंतर दीड मीटर धरावे. हेड छतापासून फार खालीही लोंबू नये, कारण सर्वांत उष्ण हवा छताला चिकटून पसरते. डिफ्लेक्टर छताच्या साधारण अडीच ते दहा सेंटीमीटर खाली असावा. फॉल्स सीलिंग नंतर करायचे असेल, तर हेड त्याच्या वर दडपली जाणार नाहीत, याची खात्री करा. असे झालेले मी पाहिले आहे. अशा वेळी पाईप वाढवून हेड नव्या छताला आणावे लागतात.

प्रश्न : रंगकाम करताना हेडवरही रंगाचा हात फिरला. घासून काढला तर चालेल का?

उत्तर : नाही. रंगाचा थर उष्णतेला अडवतो आणि झाकण चिकटवून टाकतो, आणि घासताना किंवा द्रावण लावताना कुपीला तडा जाण्याची भीती असते. ते हेड बदलावेच लागेल. छतात दडलेल्या हेडची चपटी झाकणीही रंगवू नये आणि तिच्या कडेची फट पुट्टीने बुजवू नये. ती झाकणी उष्णतेने वितळणाऱ्या डाकावर टिकलेली असते आणि आगीत आधी तिला गळून पडायचे असते. पाईप सीपीव्हीसीचा असेल, तर त्याला कोणतेही तेल, अनोळखी सीलंट किंवा लवचीक केबलचे आवरण लागू देऊ नये, कारण काही रसायनांनी त्या प्लास्टिकला कालांतराने तडे जातात.

प्रश्न : विजेवर चालणारी दुचाकी आम्ही घरातच चार्ज करतो. तिच्या बॅटरीने पेट घेतला, तर स्प्रिंकलर उपयोगी पडेल का?

उत्तर : बॅटरी विझेल, या भरवशावर राहू नका. लिथियम-आयन बॅटरीतील एक सेल बिघडून तापला की उष्णता शेजारच्या सेलला जाते आणि ही साखळी बंद डब्याच्या आत चालू राहते. बाहेरून पडणारे तुषार तेथपर्यंत नीट पोहोचत नाहीत. भोवतालचे सामान भिजून खोली थंड राहण्यास मात्र त्यांची मदत होते. त्यामुळे चार्जिंग दाराच्या वाटेवर किंवा जिन्याखाली कधीही करू नये, झोपेत असताना करू नये, आणि शक्य असेल तर घराबाहेर करावे.

प्रश्न : आमचे घर जुने आहे, स्प्रिंकलर पूर्वीच्या मालकांनी बसवलेले आहेत. ते चालू आहेत, हे कसे ओळखावे? आणि एखादे हेड उघडलेच, तर पाणी केव्हा बंद करावे?

उत्तर : आधी व्हॉल्व्ह शोधा. स्प्रिंकलर असूनही आगीत पाणी आले नाही, अशा घटनांमागे कोणीतरी पुरवठा बंद करून ठेवलेला असणे, हे सर्वांत मोठे कारण आढळते.

काही वर्षांपूर्वी एका घराची तपासणी करताना मला मुख्य व्हॉल्व्ह चपलांच्या कपाटामागे सापडला. वरच्या गेजवर २ बारपेक्षा थोडा जास्त दाब दिसत होता, काच स्वच्छ पुसलेली होती आणि घरमालक दर महिन्याला तो आकडा एका वहीत नेमाने लिहून ठेवत होते. मी चाचणीची तोटी उघडली. तांब्याभर गढूळ पाणी आले, काटा सरळ शून्यावर उतरला आणि धार थांबली. कधी तरी गळती काढण्यासाठी प्लंबरने व्हॉल्व्ह बंद केला होता आणि तो पुन्हा उघडायचे राहून गेले होते. पाईपमध्ये कोंडलेला दाब तेवढा इतके दिवस गेजवर दिसत राहिला. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नये. तोटी पूर्ण उघडून पाणी एक-दोन मिनिटे सलग वाहू द्यावे आणि वाहत असताना काटा कोठे स्थिरावतो, ते पाहावे. घराच्या नळांना आणि स्प्रिंकलरला एकच मुख्य व्हॉल्व्ह ठेवण्याची पद्धत मला यासाठीच पसंत आहे. तो चुकून बंद राहिला, तर सकाळी नळाला पाणी येत नाही आणि चूक त्याच दिवशी कळते.

त्यानंतर प्रत्येक हेड खालून नीट पाहा. कुपीतील द्रव कमी झालेला, रंग उडालेला, धातूवर हिरवट गंज, तोंडाशी क्षारांचा पांढरा थर, यांपैकी काहीही दिसले तर ते हेड बदलावे. हेडच्या चौकटीवर किंवा डिफ्लेक्टरवर निर्मितीचे वर्ष कोरलेले असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे असेल, तर नमुन्यादाखल काही हेड काढून प्रयोगशाळेत तपासून घ्यावीत किंवा सगळी बदलावीत. १९९८ आणि २००१ मध्ये अमेरिकेत रबरी कडी असलेली लक्षावधी हेड उत्पादकांना परत घ्यावी लागली होती, कारण ती वर्षानुवर्षे पाण्यात राहून अडकून बसत होती. बाहेरून ती चांगलीच दिसत होती.

हेड उघडले तर आधी सगळ्यांनी बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. सामान भिजते म्हणून घाईने व्हॉल्व्ह बंद करू नये, कारण सोफ्याच्या आत किंवा कपाटामागे निखारा राहिलेला असतो आणि पाणी थांबताच तो पुन्हा पेटतो. आग विझली, असे दलाच्या अधिकाऱ्याने सांगितल्यावरच पाणी बंद करावे, आणि तेव्हाही एक माणूस व्हॉल्व्हजवळ उभा राहावा, म्हणजे गरज पडल्यास तो लगेच उघडता येईल. फुटलेले हेड त्याच तापमानाचे आणि त्याच 'के'चे आणून बसवावे. यासाठी दोन जादा हेड आणि ती बसवण्याचा पाना व्हॉल्व्हशेजारी डबीत ठेवलेला बरा. नवे हेड बसले की व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडावा, आणि प्लंबर निघून जाण्यापूर्वी त्याच्यासमोरच चाचणीची तोटी पुन्हा एकदा सोडून पाहावी.